फोर्कलिफ्ट घेताना ‘किती टनाची?’ एवढंच विचारून का भागत नाही? लातूर-नांदेडच्या गोदामांतला प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते. पाठोपाठ नांदेड जिल्ह्यातल्या जिनिंगवर कापूस येऊ लागतो आणि उन्हाळ्यात हळदीचा हंगाम सुरू होतो. शेतातून निघालेलं पोतं आडतीवर उतरतं, तिथून डाळ मिल किंवा तेल कारखान्यात जातं, नाहीतर वखारीत थप्पीला लागतं. प्रत्येक ठिकाणी ते कुणीतरी उचलतं. वर्षानुवर्षं ही उचल हमालाच्या पाठीवर होती. आता एमआयडीसीतल्या कारखान्यांत, शीतगृहांत आणि मोठ्या गोदामांत फोर्कलिफ्टही दिसते. कुठे नवी, कुठे पुण्या-मुंबईकडून आलेली जुनी, तर कुठे हंगामापुरती भाड्याने, चालकासकट.

हे यंत्र घेताना बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारले जातात: किती टनाची आणि कितीला? ते कुठे चालणार, कोण चालवणार आणि त्याच्या आजूबाजूला कोण वावरणार, हे नंतर बघितलं जातं. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेमुळे हे ‘नंतर बघू’ मालकाला महाग पडू शकतं.

तीन टनाची फोर्कलिफ्ट तीन टन उचलते का?

उचलते, पण एका अटीवर.

फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा दांडीचा तराजू. दांडी जिथे धरतात ती जागा म्हणजे पुढची चाकं. एका बाजूला फोर्कवरचा माल, दुसऱ्या बाजूला गाडीच्या मागच्या भागातलं ओतीव लोखंडाचं वजन. माल जड झाला की मागची चाकं उचलली जातात, हे सगळ्यांना कळतं. पण माल तेवढाच राहून नुसता पुढे सरकला तरी तेच होतं, हे पटकन लक्षात येत नाही.

म्हणून फोर्कलिफ्टच्या क्षमतेसोबत ‘लोड सेंटर’ नावाचा दुसरा आकडा असतो. फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाच्या वजनाच्या मध्यापर्यंतचं हे अंतर. छोट्या-मध्यम यंत्रांसाठी ते साधारण 500 मिलिमीटर धरलेलं असतं. ‘तीन टन’ याचा अर्थ 500 मिलिमीटरवर तीन टन.

गोदामातलं उदाहरण घेऊ. 1000 बाय 1200 मिलिमीटरचं पॅलेट आहे. त्यावर 50 किलोची पोती, एका थरात पाच, असे सहा थर. झाली 30 पोती, म्हणजे दीड टन. दीड टनाच्या फोर्कलिफ्टने हे पॅलेट अशा बाजूने उचललं की फोर्कच्या दिशेने त्याची खोली 1000 मिलिमीटर येते, तर लोड सेंटर बरोबर 500. काम होतं. तेच पॅलेट दुसऱ्या बाजूने उचललं तर खोली 1200 होते आणि लोड सेंटर 600. पुढच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचं अंतर 400 मिलिमीटर धरून हिशेब केला, तर त्याच यंत्राची क्षमता सुमारे 1350 किलोवर येते. म्हणजे एकही पोतं न वाढवता यंत्रावर दीडशे किलो जास्तीचा भार पडला. पोती पॅलेटच्या बाहेर लोंबत असतील, आणि ती असतातच, तर आणखी थोडा.

मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली सरकतो तो उभा सांगाडा, जितका उंच जातो तितकी ही क्षमता घटत जाते. कापसाच्या गाठी दाबून धरायचा क्लॅम्प बसवला, तर त्याचं स्वतःचं काहीशे किलो वजन वजा करावं लागतं. शिवाय क्लॅम्पमुळे माल आणखी पुढे जातो. हे सगळे आकडे यंत्रावरच्या धातूच्या रेटिंग प्लेटवर लिहिलेले असतात. जुनं यंत्र घेताना इंजिनाचा आवाज सगळे ऐकतात. ही पाटी जागेवर आहे का, आणि ती बसवलेल्या मास्टशी जुळते का, हे आधी बघायला हवं. पाटीच नसेल तर त्या यंत्राची क्षमता विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर उरते.

उलटते ती बहुतेक वेळा आडवी

पुढे कलंडण्यापेक्षा बाजूला उलटणं जास्त घातक. चार चाकांची फोर्कलिफ्ट दिसते चौकोनी, पण तिचा तोल तीन बिंदूंवर असतो: पुढची दोन चाकं आणि मागच्या आसाचा मधला खिळा. या त्रिकोणातून वजनाचा मध्य बाहेर गेला की यंत्र आडवं होतं. माल वर धरून वळण घेतलं, उतारावर तिरकं चालवलं किंवा एक चाक खड्ड्यात गेलं, तर हे क्षणात घडतं. अशा वेळी बसलेला चालक उडी मारू पाहतो आणि डोक्यावरच्या संरक्षक पिंजऱ्याखालीच सापडतो. म्हणून शिकवलं जातं की उडी मारायची नाही. सीटबेल्ट लावलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि यंत्र पडतंय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला हे आपोआप सुचणार नाही.

मराठवाड्यात यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या काँक्रीटला भेगा पाडते. पाया आणि भराव नीट नसेल तर चार-पाच वर्षांत गोदामाची फरशी लाटांसारखी होते. डोक्यावर पोतं घेतलेला माणूस त्या भेगेवरून पाय उचलून जातो. तीन टनाच्या फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजनच चार टनांच्या वर असतं. माल धरून सात टनांचा ऐवज एका इंचाच्या खड्ड्यात आपटला की वरचं पॅलेट हलतं. थोडक्यात, यंत्राचा खर्च फरशीपासून सुरू होतो, पण तो हिशेबात क्वचितच धरला जातो.

डिझेल की बॅटरी?

उघड्या आवारात, खडबडीत जमिनीवर, पावसात काम असेल तर डिझेल आणि हवेचे टायर. बंद गोदामात, सपाट फरशीवर, खाण्याच्या मालात काम असेल तर बॅटरी. सर्वसाधारण नियम इतकाच. बंद शेडमध्ये डिझेल इंजिन चालवलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कामगारांचं डोकं जड होतं ते उकाड्याच्या खात्यावर जातं.

लातूर-नांदेडच्या मालाचे मात्र स्वतःचे नियम आहेत. जिनिंगमध्ये हवेत रुई तरंगते. ती रेडिएटरवर बसून इंजिन तापवते आणि गरम सायलेन्सरवर बसली तर पेट घेऊ शकते. तिथे डिझेल यंत्र चालवायचंच असेल तर ठिणगीरोधक सायलेन्सर हवा आणि दर पाळीला हवेने सफाई हवी. कापसाची एक गाठ 170 किलोची असते आणि हजारो गाठी एकाच आवारात असतात. आग लागल्यावर यंत्राची किंमत हा अगदी किरकोळ आकडा ठरतो.

सोयाबीनच्या तेल कारखान्यात धोका वेगळा. पेंडीतून तेल काढण्यासाठी हेक्झेन वापरतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने भडकते. त्या विभागात साधी डिझेल फोर्कलिफ्ट चालत नाही आणि साधी बॅटरीवालीही नाही, कारण मोटरमध्येही ठिणगी पडतेच. तिथे स्फोटरोधक बनावटीचंच यंत्र लागतं. पेंडीच्या गोदामातली गाडी ‘पाच मिनिटांसाठी’ तिकडे नेणं ही तिथली सगळ्यात धोक्याची सवय.

बॅटरीची फोर्कलिफ्ट घेतली म्हणजे देखभाल संपली, असंही नाही. लेड-ॲसिड बॅटरी पार रिकामी होईपर्यंत वापरली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. साधारण 20 टक्के शिल्लक असतानाच ती चार्जिंगला लावायची असते. पाणी चार्जिंग झाल्यावर भरायचं, आधी नाही, नाहीतर आम्ल उतू जातं. आणि ते पाणी डिस्टिल्डच हवं. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे खोल बोअरचं क्षारांचं पाणी बॅटरीत ओतलं जाणं अजिबात अशक्य नाही. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून जागा हवेशीर हवी. एप्रिल-मेच्या चाळिशीपार तापमानात बंद पत्र्याच्या खोलीत चार्जर लावणं बॅटरीलाही मानवत नाही. लिथियम बॅटरीत पाण्याची कटकट नाही, पण सुरुवातीची किंमत जास्त. वर्षातून चार महिनेच यंत्र पळवणाऱ्या गोदामाला ती परवडेलच असं नाही.

निवडीतला शेवटचा मुद्दा ब्रोशरमध्ये नसतो. सुटा भाग कुठून येणार? लातूर ते पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहून पुणे साडेचारशेच्या घरात. नांदेडला हैदराबाद त्यापेक्षा जवळ. भर हंगामात हायड्रॉलिकचं सील गेलं आणि मेकॅनिक तिसऱ्या दिवशी आला, तर मधले दोन दिवस यंत्र तसंच ‘जपून’ वापरलं जातं. दहा-वीस हजार स्वस्त मिळणाऱ्या ब्रँडपेक्षा ज्याचा मेकॅनिक त्याच दिवशी पोहोचतो तो ब्रँड बरा.

देखभाल: 40 चे 36 झाले की फोर्क बाद

फोर्कलिफ्टची सर्व्हिस किलोमीटरवर नाही, तासांवर ठरते. यंत्रावर अवरमीटर असतो आणि साधारण दर 250 तासांनी तेल, फिल्टर, ग्रीसिंग होतं. जुन्या यंत्राचा अवरमीटर बंद असेल तर किंमत ठरवण्याआधी तोच प्रश्न विचारायला हवा.

पण जीव जातो तो ऑइल बदलायचं राहिल्याने नाही. फोर्क, साखळी, ब्रेक आणि टायर या चार गोष्टी आधी बघायच्या. फोर्क जमिनीवर घासून टाचेपाशी झिजतो. जाडी 10 टक्के घटली की त्याची ताकद जवळपास 20 टक्के घटते. म्हणून 40 मिलिमीटरचा फोर्क 36 वर आला की बदलायचा. वेल्डिंग करून भर टाकायची नाही, कारण उष्णतेने पोलादाचा कस जातो. गावातल्या वर्कशॉपमध्ये नेमकं हेच करून मिळतं. साखळीचंही तसंच. ती वापराने ताणली जाते आणि 3 टक्के वाढ ही बाद होण्याची हद्द मानली जाते. नव्या साखळीचे जेवढे दुवे एक मीटरमध्ये बसायचे तेवढेच आता 103 सेंटिमीटर भरत असतील, तर साखळी काढून टाकायची. यासाठी मोजपट्टी पुरते.

रोज सकाळी पाच मिनिटांची फेरी: टायर, गळती, फोर्क, साखळी, ब्रेक, हॉर्न, दिवा, बेल्ट. बऱ्याच कारखान्यांत यासाठी छापील तक्ता असतो आणि महिनाअखेरीला एका बैठकीत तीसही दिवसांच्या बरोबरच्या खुणा होतात. सगळे रकाने एकाच पेनाने भरलेले दिसले की तपासणी अधिकाऱ्यालाही ते समजतं.

कायदा काय म्हणतो?

इथे गोष्ट जरा विचित्र आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 मध्ये उचल यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा कसून तपासणी सांगितली होती. पण त्या कलमातल्या ‘लिफ्टिंग मशीन’च्या व्याख्येत क्रेन, विंच, पुली ब्लॉक होते, फोर्कलिफ्टचं नाव नव्हतं. अनेक कारखाने तरीही ती तपासणी करून घेतात, आणि ते शहाणपणाचं आहे. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याने फक्त कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारात वापरायच्या खास वाहनांना ‘मोटार वाहन’ या व्याख्येतूनच वगळलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद प्रकल्पातल्या बंदिस्त आवारात चालणाऱ्या वाहनांच्या प्रकरणात, अशा वाहनांवर मोटार वाहन कर लागत नाही, असं स्पष्ट केलं.

मग फोर्कलिफ्टला पासिंग, लायसन्स काहीच नको? असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत रस्त्यावर येऊ शकणाऱ्या बांधकाम उपकरण वाहनांच्या यादीत फोर्कलिफ्टचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे सवलत आवाराच्या फाटकापर्यंतच. आपल्याकडे तर ट्रक फाटकाबाहेर, एमआयडीसीच्या रस्त्यावरच उभा राहतो आणि फोर्कलिफ्ट तिथे जाऊन माल उतरवते. त्या दहा मीटरवर अपघात झाला तर नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहतात.

नव्या संहितेने दोन गोष्टी बदलल्या. एक, नुसतं साठवणुकीचं गोदाम, जिथे काही बनत नाही, ते आजवर कारखाने अधिनियमाच्या बाहेरच राहायचं. संहिता उद्योग, व्यापार, धंदा चालणाऱ्या आणि 10 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. त्यामुळे आडतीचं मोठं गोदामही तिच्या कक्षेत येऊ शकतं. दुसरी गोष्ट शिक्षेची. मालकाने सुरक्षेचं कर्तव्य न पाळल्यामुळे कामगाराचा मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणातला किमान दंड 25 हजार होता. आता दंडाची किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

पण कमतरताही आहे. सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी सक्तीचे होतात ते सर्वसाधारण कारखान्यात 500 कामगारांपासून. लातूर-नांदेडच्या बहुतांश डाळ मिल, जिनिंग आणि गोदामं त्याच्या जवळपासही जात नाहीत. यंत्रांच्या तपासणीचे बारकावे संहितेत नाहीत, ते पुढच्या मानकांवर आणि नियमांवर सोपवले आहेत. कागदावरचा कायदा आणि कामाची जागा यांतलं अंतर लातूरला नवं नाही. जानेवारी 2017 मध्ये तिथल्या एमआयडीसीतल्या एका तेल कारखान्यात टाकी साफ करताना 9 कामगारांचा जीव गेला होता, आणि तेव्हा कारखान्यांसाठी सविस्तर नियम अस्तित्वात होते.

चालकाच्या प्रशिक्षणाबाबत तुलना करायची तर अमेरिकेत 18 वर्षांखालच्या व्यक्तीला फोर्कलिफ्ट चालवता येत नाही, मालकाने प्रशिक्षण देऊन चालकाला प्रमाणित करावं लागतं आणि दर तीन वर्षांनी त्याची पुन्हा परीक्षा होते. एवढं करूनही तिथे वर्षाला सत्तरच्या आसपास माणसं या यंत्रामुळे मरतात.

आणि हमाल?

फोर्कलिफ्ट आली की हमाल गेला, अशी भीती आहे. ती निराधार नाही, पण मराठवाड्यात सध्या तसं सरसकट घडताना दिसत नाही. कारण साधं आहे. फोर्कलिफ्टला पॅलेट लागतं, आणि शेतातून किंवा आडतीवरून येणारा माल सुट्या पोत्यांत येतो. ट्रकमधून पोतं काढून पॅलेटवर रचायला हमाल, पॅलेट आत न्यायला फोर्कलिफ्ट आणि शेवटची थप्पी लावायला पुन्हा हमाल. पॅलेट ट्रकसोबत पुढच्या गावाला जात नाही, कारण ते परत कोण आणणार?

उचलीचं ओझं कमी होणं हमालाच्याही भल्याचंच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा जास्तीत जास्त वजनाबाबतचा 1967 चा करार भारताने 2010 मध्ये मान्य केला. त्या करारासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलो ही कमाल मर्यादा सुचवली आहे. क्विंटलचं पोतं पाठीवर घेतलेली पिढी अजून बाजारात आहे, आणि तिचे गुडघे व मणके काय म्हणतात हे वेगळं सांगायला नको.

पण दोघं एकाच वाटेवर काम करतात तेव्हा धोका हमालाला जास्त असतो. जुनी गोदामं माणसाच्या चालीसाठी आखलेली आहेत. दोन थप्प्यांमधली गल्ली एक पोतं घेतलेला माणूस जाईल इतकी. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे पुढचा भाग वळला की मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारून जाणारा माणूस थप्पी आणि यंत्र यांच्यात सापडतो. समोर उंच पॅलेट असेल तर चालकाला पुढचं दिसत नाही, त्याने मागे बघत उलटं चालवायचं असतं. डोक्यावर पोतं घेतलेल्या हमालाला बाजूचं दिसत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. उपाय महाग नाहीत: पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी केलेली पायवाट, वळणावर गोल आरसा, आणि फोर्कलिफ्ट आत असेपर्यंत त्या गल्लीत माणूस नाही, हा नियम. फोर्कवर उभं राहून वरच्या थप्पीवर चढणं तर पूर्ण बंदच हवं. ते अजून सर्रास चालतं, कारण शिडी शोधायला वेळ लागतो.

अडचण अशी की हे सांगायचं कुणी? चालक भाड्याच्या यंत्रासोबत आलेला असतो. हमाल गोदामाच्या हजेरीपटावर नसतो. तो टोळीचा, मुकादमाचा किंवा 1969 च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळाकडे नोंदलेला असतो. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ कारखान्याच्या कायम कामगारांना दिली जाते, आणि त्या वेळी टोळी बाहेर ट्रक रिकामा करत असते. संहितेने आस्थापनेच्या जागेतल्या सुरक्षेचं कर्तव्य मालकावर टाकलं आहे, आणि त्या जागेत असलेल्या इतर व्यक्तींचीही काळजी त्यात येते. म्हणजे गोदामात शिरणाऱ्या टोळीला पहिल्या दिवशी पायवाट दाखवणं हे मुकादमाचं काम आहे, असं म्हणून मालकाला आता सुटता येणार नाही. भाड्याच्या यंत्राच्या करारातही चालकाचं प्रशिक्षण, शेवटच्या तपासणीची तारीख आणि अपघाताचा विमा या तीन ओळी हंगाम सुरू होण्याआधी लिहून घेता येतात. सध्या अशा करारांत बहुधा तासाचा दर आणि डिझेल कुणाचं, एवढंच ठरलेलं असतं.